पोपटांच्या चादरी

भेस्तानच्या ट्रस्ट हॉस्पिटलच्या फाटकात एक टेम्पो आडवा लागला होता, आणि त्याच्या मागे रिक्षात शांताबाई कण्हत होत्या.

जयश्री स्ट्रेचर घेऊन पायऱ्या उतरली तेव्हा ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर होतं. टेम्पोपाशी निळ्या शर्टातला एक तरुण गठ्ठे मोजत उभा होता. त्याच्या केसांत पांढरे धागे अडकले होते.

"टेम्पो तुमचा?"

"शेठचा. मी कुंदन. पलसाण्याहून आलोय, मिलमधून." तो जरा हसला. "दान आणलंय सिस्टर. कुठं उतरवू?"

"आधी टेम्पो काढा. पेशंट आत येऊ दे, मग दान."

ड्रायव्हर चहाला गेलेला होता. कुंदननं इकडंतिकडं पाहिलं, गाडी न्यूट्रलला टाकली आणि खांदा लावून एकट्यानं मागे ढकलली. मग तसाच धापा टाकत रिक्षापाशी आला.

"कसं धरू यांना?" त्यानं विचारलं.

जयश्रीनं त्याच्याकडे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. खुब्याचं हाड मोडलेल्या बाईला रिक्षातून उचलायला सगळे पुढे होतात, पण कसं धरू असं कुणी विचारत नाही. तिनं सांगितलं तसा त्यानं हात घातला, सांगितलं तेव्हाच उचललं. शांताबाई एकदा "आई गं" म्हणाल्या, तेवढंच.

मग गठ्ठे उघडले गेले. राणी रंगावर हिरवे पोपट. नुसते पोपटच पोपट, आणि प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात छापलेलं, 'स्व. हीराबेन यांच्या स्मरणार्थ'.

हॉस्पिटलला नावांची सवय होती. पंख्यांच्या पात्यांवर नावं होती, बाकांवर होती, पाण्याच्या कूलरवर एका अख्ख्या कुटुंबाची होती. एक्स-रे मशीन कापड बाजारातल्या व्यापाऱ्यांनी दिलेलं, भिंतींचा रंग कुणा आजोबांच्या पुण्यतिथीचा. सुरतेत द्यायला माणसं मागे हटत नाहीत. त्या देण्यावरच हे हॉस्पिटल उभं होतं. लूमवर काम करणारा माणूस इथं केसपेपर काढायचा, तपासून घ्यायचा आणि औषधाच्या खिडकीतून औषध घेऊन जायचा, खिशाला हात न लावता.

जयश्रीनं चादर दोन बोटांत धरली, चोळली. गुळगुळीत, चमकदार.

"हे परत घेऊन जा," ती म्हणाली.

कुंदनला वाटलं, थट्टा आहे. "दानाला कुणी नाही म्हणतं का?"

"यावर कुणी झोपतं का? पॉलिएस्टर आहे हे. घाम टिपत नाही. पेशंट घसरतो, खाली सरकतो. आता आणल्या ना आपण त्या बाई, त्या महिनाभर पाठीवर पडून राहणार. यावर ठेवलं तर आठवड्यात पाठीला जखमा."

"आमच्या मिलमध्ये हेच निघतं, सिस्टर. शेठनं त्यातलं चांगलं होतं ते दिलं."

"चांगलंच आहे. पण इथल्या कामाचं नाही."

त्यानं चादरीची घडी घातली. मग चादरीकडे बघत म्हणाला, "शेठला मी काय सांगू? हीराबेन त्यांची आई."

"एक करा," जयश्री म्हणाली. तिला आपलं बोलणं जरा टोचायला लागलं होतं. "त्या कॉरिडॉरमधल्या खाटेवर ही अंथरा आणि झोपा अर्धा तास. मग तुम्हाला जे वाटेल ते सांगा."

तिला वाटलं होतं, तो रागावून निघून जाईल. पण ती ड्रेसिंगचा ट्रे घेऊन परत आली तेव्हा तो खरंच झोपला होता. हात छातीवर, बूट काढून शेजारी नीट लावलेले. येणारेजाणारे बघत होते. एका आजीनं तर त्याला काय झालंय अशी चौकशीही केली.

अर्ध्या तासानं उठला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"कळलं," तो म्हणाला. "पोपटसुद्धा घामेजले असतील."

जयश्रीला हसू आलं आणि ते तिनं ट्रेमध्ये लपवलं.

हसू फार टिकलं नाही. हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या रंजनाबेननी तिला ऑफिसात बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसतं सांगितलं की औषधाची खिडकी ज्यांच्या देणगीवर चालते त्यांत सगळ्यांत मोठे हेच मिलवाले जसवंतशेठ. "चादरी घेतल्या आहेत असं समज. स्टोअरमध्ये ठेवून दे. कोणाचं मन मोडायचं नसतं, बेटा."

म्हणून कुंदन आणि जयश्री गठ्ठे उचलून बायकांच्या वॉर्डमधून पलीकडच्या स्टोअरकडे निघाले. मध्यावर पोहोचले तोच एका बाईचं ड्रेसिंग सुरू झालेलं. कुंदन जागच्या जागी थांबला आणि खांद्यावरच्या गठ्ठ्यासकट भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ड्रेसिंग संपेपर्यंत तसाच. शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

स्टोअरमध्ये गेल्यावर त्यानं विचारलं, "आत पडदे का नाहीत?"

"पडदे कुणी देत नाही."

"मग... हे?" त्यानं गठ्ठ्यावर थाप मारली. "घाम टिपत नाही म्हणता. पडद्याला कुठं घाम येतो?"

जयश्री त्याच्याकडे बघत राहिली. रोज ती त्या बायकांना ओढणीचा आडोसा करून पुसून काढायची. आणि हे कापड ती परत पाठवायला निघाली होती.

"हे मला सुचायला हवं होतं," ती म्हणाली.

"तुम्ही रागावण्यात होता ना," तो म्हणाला. "मी झोपलो होतो. झोपेत सुचतं."

पडदे शिवणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा जयश्रीनं आईचं नाव सांगितलं. धुरपदाबाई घरी साड्यांना खडे चिकटवायच्या. नवरा वारल्यावर त्यावरच त्यांनी मुलीला नर्सिंगपर्यंत पोहोचवलं होतं. घरात एक जुनी शिलाई मशीनही होती. कुंदन चार दिवसांनी स्टोअरमधल्या निम्म्या चादरी घेऊन घरी आला, दारातच चप्पल काढून उभा राहिला.

"कोन्ता गावना शे रे भाऊ तू?" धुरपदाबाईंनी मशीनवरून मान न उचलता विचारलं.

"शिंदखेडाना, मावशी."

आपली अहिराणी ऐकून धुरपदाबाईंनी मान उचलली. "बठ मंग. चहा लेशी ना?"

त्यानंतर तो येतच राहिला. कधी कड्या, कधी पडद्याची दोरी, कधी हॉस्पिटलात शिडीवर चढून खिळे ठोकायला. मिलची पाळी संपली की पलसाण्याहून मोटरसायकलवर यायचा. जयश्री खाली शिडी धरून उभी राहायची. शिडी धरायला वॉर्डबॉय होता, पण त्याला नेमकं तेव्हाच दुसरं काम निघायचं... ते काम कोण काढायचं, हे मयुरी नावाच्या ज्युनिअर सिस्टरला बरोबर ठाऊक होतं.

"सगळ्यांवर नावं आहेत इथं," कुंदन एकदा वरून म्हणाला. "पंख्यावर, बाकावर. फक्त फिनाइलवर नाही."

"फिनाइलला, कापसाला, पगाराला द्यायला कुणाला आवडत नाही. फोटोत येत नाहीत ना."

"तुमचा पगार कोण देतं मग?"

"एका बाईंच्या नावानं निधी आहे. मणिबेन. त्यांच्या मुलींनी ठेवलाय. वॉर्डच्या दोन नर्सेसचा पगार त्यातून होतो."

"म्हणजे तुम्ही स्वर्गीय मणिबेन यांच्या स्मरणार्थ."

"खिळा ठोका."

"बरं मणिबेन."

"शिडी सोडेन हं मी."

"सोडा. खाली पडलो तर तुमच्याच वॉर्डात... नाही, बायकांचा आहे हा. मग काय उपयोग."

पलीकडच्या खाटेवर शांताबाई खुदकन हसल्या. दुखणं विसरून हसल्या म्हणून जयश्रीनं त्यांच्यावर डोळे वटारले नाहीत. कुंदनवर मात्र वटारले, आणि तो बराच वेळ तेच बघत राहिला, हातोडी हातात धरून.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. शिरपूरहून एक स्थळ आलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, घर स्वतःचं. फक्त त्यांना सुनेनं नोकरी केलेली चालणार नव्हती, ती सुद्धा लोकांची अंगं पुसायची. धुरपदाबाई हे वाक्य सांगताना थोड्या अडखळल्या होत्या, पण स्थळ चांगलं होतं आणि त्या थकल्या होत्या. दिवाळीनंतर पाहुणे बघायला येणार होते. जयश्रीनं नाही म्हटलं नाही. कशाच्या जोरावर म्हणणार? शिडीवरच्या चार गप्पांच्या?

दिवाळीच्या आधी जसवंतशेठनी निरोप पाठवला की आईच्या नावानं दिलेल्या चादरी बघायला ते येणार, सोबत फोटोवाला.

रंजनाबेनना पडदे आवडले होते, तरी त्या घाबरल्या. "एका दिवसापुरत्या खाटांवर पण घालू. फोटो झाला की काढ."

"घालते," जयश्री म्हणाली. "शांताबाईंची सोडून. त्यांची कातडी आताच लाल पडलीय."

"अर्ध्या दिवसानं काय होणार आहे?"

"काही होणार नाही कदाचित. पण झालं तर त्यांच्या पाठीला होईल."

रंजनाबेननी हात जोडले.

शेठ सकाळी आले. सत्तरीला टेकलेले, पांढरा झब्बा, हातात काठी. मागे मिलची तीनचार माणसं, त्यांत कुंदन. वॉर्डमध्ये सगळीकडे पोपट. पडद्यांवर पोपट, खाटांवर पोपट. शेठ खूश होऊन बघत चालले होते. शेवटून तिसऱ्या खाटेपाशी काठी थांबली. तिथं जुनी, धुऊन धुऊन विरलेली पांढरी सुती चादर होती.

"आ केम जुदी छे?" ही वेगळी का, शेठनी विचारलं.

रंजनाबेन काहीतरी सारवासारव करायला पुढे झाल्या, तोच जयश्री बोलून गेली. तिनं गुजरातीतच सांगितलं, हळू आवाजात, जे टेम्पोपाशी सांगितलं होतं तेच. घाम, घसरणं, पाठ. आणि हेही सांगितलं की बाकीच्या खाटांवरच्या चादरी दुपारी निघतील, पडदे मात्र कायम राहतील, कारण त्यांची फार गरज होती.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला.

"मला माहीत होतं, शेठ," मागून कुंदन म्हणाला. "पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी झोपून बघितलं होतं. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, माझी हिंमत झाली नाही."

शेठनी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग वळले आणि काठी टेकत बाहेर गेले. चहाही घेतला नाही.

दिवाळी तशीच गेली. भेस्तानच्या निम्म्या खोल्यांना कुलपं लागली, माणसं खानदेशात गेली. हॉस्पिटलला सुट्टी नसते. औषधाच्या खिडकीवर रंजनाबेननी कागद चिकटवला की काही औषधं सध्या बाहेरून आणावी. एक म्हातारा तो कागद कुणाकडून तरी वाचून घेऊन, मुकाट चिठ्ठी घडी घालून परत गेला, हे जयश्रीनं पाहिलं. त्या दिवशी तिला डबा गेला नाही. खरं बोलले, हे ठीक. पण ज्यानं ऐकलं त्याचं काही गेलं नाही, गेलं त्या म्हाताऱ्याचं.

आणि कुंदन आलाच नाही. त्याचा नंबरसुद्धा तिच्याकडे नव्हता. रोज येणाऱ्या माणसाचा नंबर कशाला लागतो...

सुट्टीच्या दिवशी ती बसनं पलसाण्याला गेली. मिलच्या फाटकावर वॉचमन होता.

"कुंदन? त्याला शेठनं पाठवून दिलं. दिवाळीच्या आधीच."

"कुठं?"

"ते काय माहीत."

पाठवून दिलं म्हणजे काढून टाकलं, असाच अर्थ तिनं घेतला. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिच्या लक्षात आलं की त्याची नोकरी गेली म्हणून वाईट वाटतंय ते वेगळं, आणि तो दिसत नाही म्हणून जे होतंय ते वेगळं. दुसरं जास्त होतं. तिनं ते स्वतःपाशी सरळ कबूल केलं. तिचा स्वभावच तसा होता.

लाभपाचम होऊन दिवाळीनंतरचा बाजार पुन्हा उघडल्यावर एका दुपारी मयुरी वॉर्डात आली. "ताई, फाटकात टेम्पो लागलाय."

"मग?"

"आडवा नाही लावलेला."

जयश्री पायऱ्या उतरली. घाई न करता उतरायचं तिनं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. कुंदन टेम्पोचं फाळकं उघडत होता. उन्हानं काळवंडला होता, दाढी वाढलेली. आत पांढऱ्या सुती कापडाचे ताके होते, थप्पीवर थप्पी.

"इचलकरंजी," तो म्हणाला. "शेठनं पाठवलं होतं. म्हणाले, सुती कापडातलं तुला काही कळत नाही, जा, शिकून घे आणि घेऊन ये. धुलाई करून घेईपर्यंत दिवाळी तिथंच झाली."

"त्यांनी काढलं नाही तुम्हाला?"

"मलाही तेच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी बोलावलं. मग म्हणाले, आई शेवटी दहा महिने अंथरुणावर होती. तिला कूस मी बदलायचो. तिच्या पाठीचं सगळं मी बघितलंय आणि तिच्याच नावानं मी असलं कापड दिलं." कुंदननं फाळक्याची साखळी हातात धरून ठेवली होती. "रडले, सिस्टर. मी कुठं बघावं ते मला कळेना."

जयश्रीनं वरच्या ताक्यावर हात ठेवला.

"आणि औषधाची देणगी थांबवली नव्हती. त्यांचा मुनीम दिवाळीला गावी गेला होता, म्हणून राहिली. आज सकाळी रंजनाबेनना फोन केलाय त्यांनी." तो थांबला. "आता तुम्ही काहीतरी बोला. एवढ्या लांबून आलोय."

"मी पलसाण्याला जाऊन आले," जयश्री म्हणाली.

"का?"

"तुम्हाला शोधायला."

साखळी त्याच्या हातातून सुटली आणि खळ्ळकन आपटली. त्यानं ती उचलली नाही.

"मी तिथं रोज..." तो म्हणाला, "रोज ठरवायचो, परत गेल्यावर सांगायचं. मग वाटायचं, सिस्टर आहे, शिकलेली आहे. मी मिलमध्ये ताके मोजतो. आणि मावशींनी शिरपूरचं सांगितलं होतं, चहा देताना."

"ते रविवारी येणार आहेत."

"हं."

"तुम्ही शनिवारी या."

तो बघत राहिला. तिनं नजर वळवली नाही, पण कान तापलेले तिला कळत होते.

"आणि दाढी करून या," ती म्हणाली. "आता ताके उतरवा, शांताबाईंची चादर बदलायचीय."

शनिवारी तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा पुडा. धुरपदाबाई साडीला खडे चिकटवत बसल्या होत्या. त्यांनी पुड्याकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, मग आतल्या दारात उभ्या असलेल्या मुलीकडे.

"आते कसाना पडदा शिवना शे?" त्यांनी विचारलं.

"पडदा नाही मावशी. मी जयश्रीला मागायला आलोय."

धुरपदाबाईंनी हातातला खडा खाली ठेवला. "पोरगी काय दान देवानी वस्तू शे का?"

कुंदनचं तोंड उतरलं. दारातून जयश्री पुढे आली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली, खांद्याला खांदा लागेल इतकी.

"नाही आई. मला कुणी द्यायचं नाही," ती म्हणाली. "मीच चाललेय. नोकरी सोडणार नाही, भेस्तान सोडणार नाही. तुला रोज भेटेन. पण लग्न याच्याशी करणार."

धुरपदाबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. कुंदननं श्वास रोखला होता, तो जयश्रीला शेजारी ऐकू येत नव्हता, एवढंच तिला कळत होतं. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला, आईसमोर.

"शिरपूरवाल्यास्ले फोन कोन करी?" धुरपदाबाईंनी शेवटी विचारलं.

"मी करते," जयश्री म्हणाली.

"तू नको. तू सरळ बोली टाकशी." त्यांनी पदराला बोटं पुसली आणि मोबाइल हातात घेतला. "मी करस. तू चहा ठेव. आनि त्याले सांग, श्वास घे."